मुंबई : सात बेटांच्या राजधानीचा इतिहास आणि स्वभाव

प्रास्ताविक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे गाव क्वचितच सापडेल, की जेथील एखादे तरी माणूस मुंबईला गेलेले नाही. ‘थोरला कुठे असतो?’ असे विचारले आणि ‘मुंबईला’ असे उत्तर आले, की पुढे कोणी काही विचारीत नाही. मुंबई म्हणजे चाकरी, मुंबई म्हणजे महिन्याची मनीऑर्डर, मुंबई म्हणजे गणपतीला किंवा गावच्या जत्रेला येणारी गाठोडी, एवढीच आपली ओळख अनेक वर्षे होती. आज मनीऑर्डरची जागा बँकेने घेतली आहे, तरी ओळख फारशी वाढलेली नाही.

शालेय पुस्तकांतून मुंबईचे वर्णन राज्याची राजधानी व देशाची आर्थिक राजधानी असे येते. विद्यार्थी ते पाठ करतात व परीक्षेत लिहितात. परंतु ही नगरी कशावर उभी आहे, ती कोणी उभी केली आणि तिच्यात आपला वाटा कोणता, याचा अभ्यास आपण क्वचितच करतो. तो व्हावा या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

या लेखात तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, मुंबईची बरीचशी जमीन निसर्गाने दिलेली नसून माणसांच्या हातांनी घडलेली आहे. दुसरी, हे हात बहुतांशी बाहेरगावच्या गरीब माणसांचे होते आणि त्यांत आपल्या दोन जिल्ह्यांचा वाटा मोठा आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की शहरात गेल्याने माणूस आपोआप मुक्त होत नाही. शहर संधी देते, परंतु मुक्ती ही शिक्षणाने व संघटनेने मिळवावी लागते.

१. भूमी आणि हवामान

मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ती उष्ण कटिबंधातील नगरी होय. समुद्रामुळे तेथे थंडी अशी नसते आणि हवेत सदैव दमटपणा असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तेथे सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या माण, आटपाडी, जत या भागांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस होतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. दुष्काळी पट्ट्यातला माणूस घर सोडून निघाला आणि जेथे पाणी तुंबून घरात शिरते अशा गावी पोहोचला, असा हा प्रवास आहे.

मूळ मुंबई हे एक बेट नव्हते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात लहान बेटे होती. त्यांच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट होते. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही उपनगरे साष्टीवर वसलेली आहेत. सात बेटांच्या मध्ये खाडी होती. भरतीच्या वेळी समुद्र आत शिरे आणि ओहोटीला नुसता चिखल उरे.

आजही ठिकाणांच्या नावांत ती जुनी भूमी शिल्लक आहे. उमरखाडी या नावात खाडी आहे. पायधुणी म्हणजे जेथे खाडी ओलांडून आलेला माणूस पाय धूत असे ती जागा, असे सांगितले जाते. चिंचबंदर, फणसवाडी, वडाळा, ताडदेव या नावांत झाडे आहेत, खेतवाडीत शेते आहेत. येथील मूळ रहिवासी कोळी, आगरी, भंडारी हे होत. मासेमारी, मिठागरे, भातशेती आणि माडाची लागवड यांवर ते जगत असत. वरळी, माहीम, शीव, कुलाबा येथील कोळीवाडे आजही उंच इमारतींच्या सावलीत टिकून आहेत.

२. बंदरे आणि लेणी

मुंबईचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बेटे लहान असली तरी त्यांच्या आसपास सोपारा, कल्याण, चौल ही प्राचीन काळची मोठी बंदरे होती. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सापडले आहेत. त्यांपैकी एक पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. त्याच वर्षी त्यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा किनारा जगाशी जोडलेला होता.

साष्टी बेटावर, आजच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेले हे काम पुढे अनेक शतके चालू होते. उष्ण कटिबंधातील पावसाळा आणि भिक्षूंचा वर्षावास यांचा संबंध येथे डोळ्यांनी पाहता येतो. पावसाळ्यात भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे असा नियम होता. मग चार महिन्यांच्या पावसाचे पाणी पुढील आठ महिने कसे पुरवावे? कान्हेरीत कातळात चर खोदून डोंगरावरून वाहणारे पाणी टाक्यांत घेतलेले आहे आणि बहुतेक विहारांशेजारी अशी टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. ती दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापारी व गृहस्थ आहेत. पाणी हे दानाचा विषय होते, विटाळाचा नव्हते, ही गोष्ट आपण विसरू नये.

कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी आपल्या सभासदांनी पाहिलेली आहेत. सह्याद्रीच्या घाटमार्गांनी देशावरची गावे कोकणच्या बंदरांशी जोडलेली होती. लेणी त्या व्यापारी वाटांच्या आधाराने वाढली. तेव्हा आपला मुलूख आणि मुंबईचा किनारा यांचे नाते गिरण्यांच्या आधीचे, दोन हजार वर्षांचे आहे.

३. आंदणात दिलेले बेट

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि त्यासोबत ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला. त्या करारात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. राजाला हे दूरचे बेट नकोसे झाले, म्हणून १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. या सर्व व्यवहारांत तेथे राहणाऱ्या कोळ्यांना कोणी काही विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने १६६९ ते १६७७ या काळात शहराचा पाया घातला. व्यापाऱ्यांनी येथे यावे म्हणून त्याने प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. पारशी, गुजराती, बोहरी, आर्मेनियन असे अनेक लोक येऊ लागले. १६८७ साली कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. राजधानी म्हणून मुंबईचा इतिहास येथून सुरू होतो.

तरीही शहर लगेच वाढले नाही. दलदल, ताप आणि हगवण यांनी माणसे पटापट मरत. येथे आलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण त्यांच्यात पडली होती. शिवाय देशावर मराठ्यांचे राज्य बलवान होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी धास्ती घेतली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. त्यानंतर साताऱ्याचा निर्णय साताऱ्यात न होता मुंबईत होऊ लागला. एक राजधानी लहान झाली आणि दुसरी मोठी झाली.

४. समुद्र हटवून केलेली जमीन

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सात बेटांचे एक बेट कसे झाले?

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये एक मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी तेथून आत येऊन मधला सर्व सखल भाग बुडवीत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात हे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. हे काम १७८४ च्या सुमारास पुरे झाले. या बांधाविषयी एक दंतकथा आहे. बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या कारागिराला स्वप्नात देवी दिसली व समुद्रातून मूर्ती काढल्यावर बांध टिकला, अशी ती कथा. कथेत गव्हर्नरचे नाव राहिले, कारागिराचे राहिले, देवीचे राहिले. ज्यांनी दगड वाहिले त्यांचे एकही नाव राहिले नाही.

त्यानंतर १८०३ मध्ये शीवचा रस्ता होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला. माहीमच्या रस्त्यासाठी लेडी जमशेटजी यांनी मोठी देणगी दिली होती. पुढे टेकड्या फोडून त्यांचे दगड-माती खाडीत टाकण्यात आली. शहराचा कचराही भरावासाठी वापरला गेला. विसाव्या शतकात बॅकबेचा समुद्र हटवून मरीन ड्राइव्ह आणि नंतर नरिमन पॉइंट तयार झाले. ज्या मंत्रालयात आपले अर्ज जातात आणि जेथून आपल्या जिल्ह्यांचा कारभार चालतो, ते मंत्रालयही अशाच भरावाच्या जमिनीवर उभे आहे.

भरावाच्या जमिनीचा स्वभाव विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. ही जमीन समुद्रसपाटीला धरून असते. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्रात जाते. परंतु जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर समुद्र पाणी घेत नाही आणि ते शहरातच थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत दोन वर्षांतही जेवढा पडत नाही, तेवढा हा एका दिवसाचा पाऊस. मिठी नदीचे पात्र आवळले गेले होते व तिच्या काठची खारफुटी तोडली गेली होती. शेकडो माणसे मरण पावली. त्यांत नाल्याकाठच्या झोपड्यांत राहणारे कितीतरी होते. समुद्राची जागा घेतली तरी समुद्र ती विसरत नाही, आणि त्याची किंमत सर्वांत खालच्या जमिनीवर राहणारा माणूस भरतो.

हे काम अजून संपलेले नाही. २०२४ साली किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. त्याच्या बांधकामाच्या वेळी वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्या समुद्रात नेण्यासाठी पुलाच्या खांबांतील अंतर वाढवून मागावे लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांनी या वेळी भांडून आपले म्हणणे ऐकवले.

५. गिरण्या आणि आपली माणसे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग वर आला आणि देश मुंबईला जोडला गेला. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली व दोन वर्षांत ताडदेव येथे गिरणी चालू झाली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेथील कापूस बंद झाल्यामुळे विलायतेला हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच पेढ्या बुडाल्या, पण गिरण्या वाढत राहिल्या. १८९५ च्या सुमारास त्यांची संख्या सत्तरच्या घरात होती. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर गेली.

ही माणसे कोठून आली? गिरणीकामगारांचे मोठे पुरवठादार जिल्हे दोन, रत्नागिरी आणि सातारा. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. १८७६ ते १८७८ चा आणि शतकाच्या अखेरचा असे दोन मोठे दुष्काळ पडले. सावकारी होतीच. गावात ज्यांना जमीन नव्हती किंवा असूनही ती पोट भरीत नव्हती, ते मुंबईला निघाले.

परळ, लालबाग, वरळी, शिवडी, नायगाव या भागास गिरणगाव म्हणत. गाव हा शब्द येथे नेमका लागू पडतो. एका खोलीत दहा-पंधरा माणसे राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रातपाळीचा झोपे. एकाच गावची माणसे मिळून खोली घेत, मंडळ काढीत, भिशी लावीत. गावात कोणी मेले तर वर्गणी काढून माणूस पाठवीत. जेवण खानावळवाल्या बायांकडे असे. चुलीपुढे राबणाऱ्या या स्त्रियांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. हजारो कामगार गावी पळाले आणि रोगही देशावर पसरला. त्यानंतर सरकारने नगरसुधारणा न्यास स्थापन करून बी. आय. टी. चाळी बांधल्या. १९२० नंतर बी. डी. डी. चाळी झाल्या. कामाचे तास, मजुरी, सुटी यांसाठी कामगारांना झगडावे लागले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आज आपण रविवारी सभा, वर्ग व वाचन घेऊ शकतो, त्यामागे गिरणगावचा हा लढा आहे.

६. शहर आणि अस्पृश्यता

शहरात जातिभेद नसतो असे पुष्कळ जण म्हणतात. याची तपासणी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावरूनच करता येईल.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. तीच आजचे प्रतापसिंह हायस्कूल होय. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला जाताना ते, त्यांचा भाऊ व भाचे मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण तयार झाला. रात्रभर त्यांना प्यावयास पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले व परळ भागातील चाळीत एका खोलीत राहिले. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. शहराने काय दिले? सरकारी शाळा दिली, ग्रंथालये दिली, वडिलांना रात्री दिवा लावून मुलाला अभ्यासास बसविता आले. रस्त्यात व रेल्वेच्या गर्दीत कोणाची जात कपाळावर लिहिलेली नसे. परंतु याच शहरात त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी तेथील पाण्याच्या भांड्याला हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मसूरचे पाणी आणि मुंबईचे पाणी यांत फरक होता, पण तो फार मोठा नव्हता.

गिरणीतही तेच. अस्पृश्य कामगारांना सूतखात्यात काम मिळे, पण साचेखात्यात प्रवेश नसे. कारण असे सांगत, की धोट्यात नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो. साचेखात्यात मजुरी जास्त होती, हे येथे ध्यानात घ्यावे. यंत्र विलायतेचे, मालक शेटजी, सूत सर्वांचे, आणि विटाळ मात्र गावाकडचा! १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल तर ती सर्व खात्यांत हवी, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा शहराने जात नष्ट केली नाही. शहराने फक्त तिच्याशी लढण्यास जागा दिली. त्या जागेचा उपयोग कसा करावा हे बाबासाहेबांनी दाखविले. १९१२ ते १९३४ पर्यंत ते परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. तेथूनच बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली उभी राहिली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक येतात.

आपल्या सांगली जिल्ह्याचे उदाहरणही येथे दिले पाहिजे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी झाला. लहानपणी घरच्या माणसांबरोबर ते पायी चालत मुंबईस गेले. शाळा जवळजवळ नाहीच. हमाली, गिरणीतले काम असे मिळेल ते करून, रस्त्यावरच्या पाट्या वाचीत ते अक्षरे शिकले. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी कथा, कादंबऱ्या, लावण्या व पोवाडे लिहिले. ‘मुंबईची लावणी’ या त्यांच्या रचनेत या नगरीची श्रीमंती आणि गरिबी शेजारी-शेजारी दिसते. मुंबईने त्यांना महाल दिला नाही, पण विषय दिला आणि ऐकणारे लोक दिले.

७. राजधानीचा अधिकार

राजधानीत कायदे होतात. पण कागदावरचा ठराव आणि गावातले वास्तव यांत किती अंतर असते, याचा उत्तम धडा १९२३ चा आहे. त्या वर्षी रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तो मानला, पण तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. राजधानी हक्क लिहून देते, बजावावा मात्र आपणच लागतो.

राजधानी कोणाची हाही मोठा प्रश्न झाला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करावी या म्हणण्याला बाबासाहेबांनी १९४८ साली सविस्तर उत्तर दिले. १९५५ साली मात्र मराठी मुलखाची चार राज्ये करून मुंबईचे एक नगरराज्य करावे असा वेगळा विचार त्यांनी मांडला. विद्यार्थ्यांनी दोन्ही मते वाचून त्यांमागची कारणे समजून घ्यावीत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणीकामगार होते. अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांच्या शाहिरीने तो लढा घरोघर नेला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मले व कराडात वाढले.

८. मुंबईचे देणे

मुंबई देते तशी घेतेही. तिची पहिली मोठी पाणीयोजना, विहार तलाव, १८६० मध्ये झाली. नंतर तानसा, वैतरणा, भातसा असे दूरदूरचे पाणी तिने आणले. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते, तेथील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

विजेचेही तसेच. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या जलाशयात अनेक गावे बुडाली. १९६० नंतर कोयनेची वीज मुंबईपर्यंत पोहोचली. धरणग्रस्तांना मात्र आपल्या पुनर्वसनासाठी पुढील कित्येक दशके मोर्चे काढावे लागले. आपल्या जिल्ह्याने मुंबईला माणसे दिली, तसा प्रकाशही दिला. तेव्हा गावाकडून मुंबईस जाणाऱ्या मुलाने आपण कोणाच्या दारी काही मागावयास आलो आहोत असे मानू नये.

९. गिरण्यांनंतरची मुंबई

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, परंतु कामगार हरले. एकेक गिरणी बंद पडली. हजारो माणसे बायकामुलांसह गावी परतली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या व उंच इमारती आल्या. कामगारांच्या घरांसाठी २०१२ पासून सोडती निघाल्या. अर्ज दीड लाखाहून अधिक आले आणि घरे त्या मानाने फार थोडी निघाली. दादरच्या इंदू मिलच्या सुमारे बारा एकर जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली. गिरणीची जमीन अशा कामी येणे हा अपवादच म्हणावा लागेल.

संघटनेचे चांगले फळही विसरू नये. बाजारपेठेत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत सातारा जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. असंघटित हमालाला भविष्यनिर्वाह निधी व हक्काची मजुरी मिळवून देणारा हा कायदा देशात मार्गदर्शक ठरला. उलट ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व १० जण मृत्युमुखी पडले. माथाडीचा कायदा आणि हा गोळीबार एकाच राजधानीतले आहेत.

समारोप

जगात सिंगापूर, हवाना अशा समुद्रकाठच्या उष्ण प्रदेशांतील राजधान्या आणखीही आहेत. नायजेरियाची राजधानी १९९१ पर्यंत लागोस होती, आणि तीही बेटांवर वाढलेली नगरी आहे. बहुतेक ठिकाणी बंदर परक्यांनी बांधले, भराव गरिबांनी घातला आणि वारसा कोणाचा यावर पुढे वाद झाला. मुंबईचे वेगळेपण हे, की तेथील श्रमिकांनी आपली भाषा, आपली संघटना आणि आपले विचार त्या भरावाच्या जमिनीत रुजविले. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. पण चाळीतला कामगार तिला पहिल्यापासून मुंबईच म्हणत होता.

तेव्हा आपल्या दोन जिल्ह्यांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की या नगरीला भुलू नका आणि भिऊही नका. पायाखालची जमीन तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांच्या श्रमाची आहे. तेथे शिका, संघटित व्हा आणि गावाची वाट मोडू देऊ नका.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. आपल्या गावातून मुंबईस गेलेल्या पाच वृद्ध माणसांची माहिती लिहून काढा. ते कोणत्या साली, कोणत्या कारणाने गेले, कोठे राहिले आणि काय काम केले, हे विचारा.

२. गिरणी, खानावळ किंवा माथाडी कामात असलेल्या स्त्री-पुरुषांकडून त्या कामातील शब्द गोळा करा व त्यांचे अर्थ लिहा.

३. सात बेटांचा नकाशा काढून त्यावर आजची रेल्वे स्थानके दाखवा. कोणती स्थानके पूर्वीच्या खाडीवर आहेत ते शोधा.

४. १९२३ चा ठराव आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह यांवरून ‘कायदा आणि अंमल’ या विषयावर वीस ओळींचा निबंध लिहा.